आडनाव बदललेल्या गोमंतकीय पूर्वजाचा माग कसा काढावा

'आमचं मूळ गोव्यात, कुलदैवत फोंड्याकडचं, आणि पूर्वी म्हणे आमचं आडनाव वेगळं होतं.' मुंबई, कुडाळ, वेंगुर्ले, बेळगाव, कारवार इथल्या कितीतरी मराठी घरांत एवढीच माहिती शिल्लक राहिलेली असते. त्यापुढे शोध सरकत नाही, कारण शोधणारा आडनावाला धरून बसतो. आजचं आडनाव घेऊन तो गोव्यात येतो. त्या आडनावाची माणसं शेकड्यांनी भेटतात, पण एकाशीही धागा जुळत नाही.

माझं सांगणं असं की आडनावाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी कुलदैवत, गोत्र किंवा देवक, मूळ गाव, जमीन आणि सोयरिकी पाहाव्यात. गोव्यात आडनावं पिढीगणिक बदलली आहेत, पण कुलदैवत बदलल्याची उदाहरणं फार थोडी. कागदपत्रांचा सगळा शोध या पायावर उभा करायचा आहे.

आडनाव बदललं कसं, हे आधी ओळखा

गोव्यातल्या जुन्या गावात शेजारीपाजारी बरेचदा एकाच आडनावाचे असत. कुणी प्रभू, कुणी नायक, कुणी कामत, कुणी गावकर. ही मुळात हुद्द्याची किंवा मानाची नावं. गावात असेपर्यंत ती पुरत. माणूस गाव सोडून वेंगुर्ल्याला किंवा मुंबईला गेला की तिथले लोक त्याला गावावरून ओळखू लागत आणि तो बोरकर, शिरोडकर, लोटलीकर, पेडणेकर, नार्वेकर होई. गावात राहिलेला भाऊ मात्र कामतच राही. दोन पिढ्यांनी दोन्ही घरांना एकमेकांची ओळख उरत नसे.

मास्टर दीनानाथांच्या घरात हे एका पिढीत घडलेलं दिसतं. वडील गणेशभट अभिषेकी, म्हणजे मंगेशीच्या देवळात अभिषेक करण्याच्या सेवेवरून आलेलं नाव. मुलाने लावलं ते गावावरून, मंगेशकर. कोंकणी लेखक वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर म्हणजे शणै गोंयबाब यांच्या नावात तर थरावर थर दिसतात. शणै ही मानाची उपाधी, वालावलीकर हे गावावरून पडलेलं नाव. असा थर दिसला की प्रत्येकाचा वेगळा शोध घ्यायचा.

कलावंत घराण्यांत, म्हणजे देवस्थानाच्या सेवेत गाणं-नाचणं करणाऱ्या घरांत, वाट आणखी वेगळी आहे. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची आडनावं गावांवरूनच आहेत. अशा अनेक घरांत वंश आईकडून मोजला गेला. म्हणून पूर्वज या समाजातला असेल तर वडिलांचं नाव शोधण्यात वेळ न घालवता आजी, पणजी, मावशी यांची नावं आणि त्या ज्या देवस्थानाच्या सेवेत होत्या ते देवस्थान शोधा. नोंदीत वडिलांचा रकाना रिकामा असला म्हणून शोध संपला असं समजू नका. त्या स्त्रियांनी जपलेली घराण्याची आठवण कागदाइतकीच भक्कम असते.

आता 'पोर्तुगीज कारकुनाने आमचं आडनाव बदललं' या कथेविषयी. अशीच कथा अमेरिकेत गेलेल्या लाखो कुटुंबांत एलिस बेटाबद्दल सांगितली जाते. 1892 ते 1954 या काळात चाललेल्या त्या ठाण्यावरचे अधिकारी बोटीवरून आलेली यादी पडताळून पाहत. नवी नावं ठेवणं हे त्यांचं काम नव्हतं. नावं बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतः, नंतर, सोयीसाठी. गोव्यातला कारकूनसुद्धा कानावर पडलेलं नाव आपल्या लिपीत आणि आपल्या वळणाने लिही. कागदावर ते परकं दिसतं, पण आतलं नाव तेच असतं.

बाप्तिस्मा मात्र याला अपवाद. सोळाव्या शतकात धर्मांतर झालेल्या घरांना पोर्तुगीज आडनाव मिळालं, बरेचदा धर्मपित्याचं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावंही वेगवेगळी झालेली असू शकतात. अनेक ख्रिस्ती घरांना आपलं जुनं प्रभू, कामत, नायक हे नाव आजही ठाऊक असतं. एक भाऊ नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर गेला आणि दुसरा गावात राहून ख्रिस्ती झाला, असं तुमच्या घराबाबत घडलं असेल तर गावातला धागा त्या दुसऱ्या घरातच सापडेल.

घरातल्या माणसांना काय विचारायचं

'आपलं मूळ गाव कुठलं?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा आडून विचारा. लग्नानंतर ओटी भरायला कुठे जायचे? जत्रेला कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेने जायचे? कुलदैवताबरोबर आणखी कुणाला नारळ ठेवायचे? सुतक कुठल्या दुसऱ्या आडनावाच्या घराचं पाळायचे? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वेगळ्या आडनावाचं सुतक पाळलं जात असेल तर ते बहुधा भाऊबंद, आणि तेच तुमचं जुनं आडनाव असण्याची शक्यता मोठी. तसंच, कुणाशी लग्न जुळवत नसत तेही विचारून घ्या.

बायकांची माहेरं लिहून घ्या. गोव्याकडच्या रिवाजात लग्नानंतर स्त्रीचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदले. त्यामुळे पणजीचं माहेरचं नाव, तिच्या भावांची नावं आणि तिचं गाव या तीन गोष्टी आत्याबाई-मावशींकडून आजच काढून ठेवा. सोयरिकी जवळपासच्या गावांत होत, म्हणून पणजीचं माहेर सापडलं की पणजोबांचं गाव फार लांब नसतं.

बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. कुणी सांगितलं आणि त्यांना कुणाकडून कळलं होतं, हे शेजारी लिहा. पत्रिका, लग्नाचे आहेराचे कागद, देवघरातल्या टाकांमागची अक्षरं, जुन्या पोथ्यांची पहिली पानं यांचे फोटो काढून ठेवा.

कुलदैवतावरून गाव: इथे बहुतेकांचं चुकतं

कवळ्याची शांतादुर्गा कुलदैवत म्हणून मूळ गाव कवळे, असं धरून चालू नका. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती सोळाव्या शतकातच गेले. तिथली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून नद्यांपलीकडे, मुख्यतः आजच्या फोंडा तालुक्यात नेले. तो भाग तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता, आणि फोंडा त्यांच्या राज्याला जोडला गेला तो अठराव्या शतकात. म्हणून देवाचं आजचं ठिकाण हे आसऱ्याचं ठिकाण. तुमचं घर बहुधा देवाच्या जुन्या ठिकाणच्या आसपासचं.

मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून आणि महालक्ष्मी कोलव्याहून बांदिवड्याला, कामाक्षी रायहून शिरोड्याला, लक्ष्मीनृसिंह सांखवाळहून वेलिंगला, देवकीकृष्ण चोडणहून माशेलला, दामोदर मडगावहून जांबावलीला, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण कुंकळ्ळीहून फातर्प्याला. सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरच्या नार्व्याहून डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी ते देऊळ नव्याने बांधवलं. दोन्ही गावांचं नाव नार्वेच, म्हणून नार्वेकरांनी विशेष जपून पाहावं. काही देव मात्र हलले नाहीत. बांदिवड्याचा नागेश तिथलाच, त्याच्या देवळाजवळ 1413 चा शिलालेख आहे.

कुलदैवताचं ठिकाण, त्याचं जुनं ठिकाण आणि आडनावातलं गाव ही तीन नावं नकाशावर मांडा. आडनावातलं गाव वेगळंच निघालं तर ते वाटेतलं मुक्कामाचं गाव असतं.

देवस्थानात गेलात की 'महाजन' आणि 'कुळावी' यांतला फरक ध्यानात ठेवा. कुळावी म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणारं कुठलंही घर. महाजन म्हणजे देवस्थानाच्या कारभारात हक्क असलेली घराणी. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये महाजनांसाठी नियम केले, 1933 मध्ये ते नव्याने आणले, आणि महाजनांची नावनिशी नोंदवही ठेवणं देवस्थानांना बंधनकारक झालं. देवस्थानांवर सरकारी देखरेख मामलेदाराची असते. या वहीत बापापासून मुलापर्यंतची साखळी मिळते. तुमचं नाव तिथे नसलं तर घराणं कुळावी असेल, किंवा पूर्वज वही तयार होण्याआधीच गाव सोडून गेला असेल.

ब्राह्मण घरांनी मठाचाही विचार करावा. सारस्वतांत स्मार्त घरं कवळे मठाची आणि वैष्णव घरं पर्तगाळी मठाची. घरातला आचार कुठल्या मठाचा हे कळलं तर एकाच आडनावाच्या दोन वेगळ्या घराण्यांतला घोळ लगेच सुटतो. मराठा घरांत गोत्रापेक्षा देवक जास्त विश्वासाचं.

पोर्तुगीज लिखाणात आपलं नाव ओळखायला शिका

कागदपत्रात हात घालण्याआधी एक संध्याकाळ याच कामाला द्या. पोर्तुगीज वळणात 'श' साठी एक्स हे अक्षर, 'क' साठी सी किंवा क्यू-यू, शेवटचा अनुनासिक उच्चार एमने दाखवलेला. 'ड' पुष्कळदा आर होऊन बसतो, म्हणून चोडण आणि कुडचडे या नावांत आर दिसतो. शिरोडकर एक्सखाली सापडेल, केणी क्यूखाली, कामत 'कामोतीं' असा, प्रभू 'पोरोब' असा, शेणवी 'सिनाय' असा, पै 'पोय' असा. नायक हे नाव क्यू-यू-ई या अक्षरांनी संपलेलं दिसेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या पोर्तुगीज सूची बरेचदा पहिल्या नावाच्या अक्षरावरून लावलेल्या असतात. आडनावाने शोधत बसणारा माणूस सूची बंद करून 'काही नाही' म्हणत परततो. केशव क्यूखाली पाहा, शंकर आणि शांताराम एक्सखाली, कृष्णा सीखाली. नाव, मग बापाचं नाव, मग उपाधी, मग गावाचं नाव, अशी लांबलचक साखळी असते. पुढच्या पिढ्यांनी तिच्यातला एखादाच दुवा आडनाव म्हणून ठेवला. 'रामा सिनाय बोरकर' याचे वंशज मुंबईत नुसते बोरकर, गोव्यात कदाचित शेणै बोरकर.

आपल्या शोधातल्या प्रत्येक नावाची सगळी संभाव्य रूपं एका पानावर लिहा आणि कचेरीत ते पान जवळ ठेवा. यासाठी पोर्तुगीज भाषा यायला हवी असं नाही. मुलगा, मुलगी, मृत, विवाहित, राहणार, नातू, गैरहजर, एवढ्या अर्थाचे शब्द ओळखता आले की नोंद वाचता येते.

कुठल्या कचेरीत काय मिळतं

सगळ्या धर्मांच्या लोकांची नागरी जन्म, विवाह, मृत्यू नोंद गोव्यात 1914 पासून मिळते. जुन्या वह्या कुठल्या वर्षापर्यंतच्या कुठे आहेत, हे तालुक्याच्या नागरी निबंधक कचेरीत आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारून घ्या. जन्माचा छोटा दाखला घेऊ नका. संपूर्ण नोंदीची नक्कल मागा, तिला गोव्यात 'तेओर' म्हणतात. तिच्यात आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं येतात, म्हणजे 1914 नंतरच्या एका नोंदीवरून एकोणिसाव्या शतकातली पिढी हाती लागते. समासातली टिपणंही पाहा. लग्न, मृत्यू, नावातला बदल पुढे तिथे लिहिला जाई.

तुमचा पूर्वज 1914 च्या आधीच गेला असेल तरी वही उघडा. तो नसला तरी गावात राहिलेला त्याचा भाऊ किंवा बहीण तिथे असेल, आणि त्यांच्या मुलांचे आजीआजोबा म्हणजे तुमच्या पूर्वजाचे आईवडील.

माझ्या मते सगळ्यात श्रीमंत कागद म्हणजे 'इन्व्हेंतार', कोर्टातली वारसा-वाटणीची फाईल. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार मालमत्तेची वाटणी अशी कोर्टात होई. त्या फाईलमध्ये मयताची सगळी मुलं, जावई, सुना, त्यांचे राहते पत्ते आणि 'हा वारस इथे हजर नाही, मुंबईत असतो' अशा नोंदी मिळतात. गाव सोडून गेलेल्या आणि आडनाव बदललेल्या माणसाला त्याच्या जुन्या घराशी जोडणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. नोटरीच्या जुन्या वह्यांतली वारसा-दस्तांची पानंही तशीच उपयोगी. जमिनीच्या जुन्या नोंदीत भाटाचं (म्हणजे बागायतीचं), मळ्याचं नाव आणि चतुःसीमा असतात. 'एक-चौदा' या जमिनीच्या सरकारी उताऱ्यावरून आजचा धारक कळतो, पण तो उतारा गोवामुक्तीनंतरच्या मोजणीचा. जुन्या नोंदींशी तो जुळवायचा असेल तर भाटाचं नाव धरून जुळवा.

पणजीचं पुराभिलेखागार म्हणजे 1595 मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतुच्या हाताखाली सुरू झालेला दफ्तरखाना. तिथे पोर्तुगीज दफ्तराबरोबर मोडी कागदही आहेत. पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रं आणि 1837 पासून निघालेलं सरकारी राजपत्र पाहायला मिळतं. त्यात वारसांना हजर होण्यासाठी दिलेल्या जाहिराती येत. ख्रिस्ती भाऊबंदांच्या चर्च नोंदी पॅरिशमध्ये किंवा पुराभिलेखागारात असतात, काहींच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर आहेत. सोळाव्या शतकातली मूळ धर्मांतराची नोंद मिळेल अशी आशा धरून मात्र शोध आखू नका.

स्वातंत्र्यानंतर नाव बदललं असेल तर काम सोपं आहे. महाराष्ट्रात राजपत्रातली जाहिरात, गोव्यात 1990 च्या नाव-बदल कायद्याखालची नोंद आणि तिची राजपत्रातली प्रसिद्धी पाहा.

गावकरी आणि वांगड

जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी इथल्या, गावांत गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, ही संस्था पोर्तुगिजांच्याही आधीची आहे. 1526 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, तिच्या रीतिभाती नोंदल्या गेल्या. गावकार वांगडांत, म्हणजे मूळ पुरुषावरून मोजलेल्या गटांत, विभागलेले असतात आणि वांगड बापाकडून मुलाकडे जातो. धर्म बदलला, आडनाव बदललं, तरी वांगड तोच राहिला. एकाच वांगडात हिंदू प्रभू आणि ख्रिस्ती परेरा शेजारी-शेजारी दिसले तर मूळ पुरुष एक असण्याची दाट शक्यता धरा. गावकरीच्या कचेरीत जोण, म्हणजे गावकरीच्या उत्पन्नातला वाटा, घेणाऱ्यांची नोंद असते. तिथल्या क्लार्कला आडनाव न विचारता वांगड विचारा.

गोव्याबाहेरची बाजू

हीही तितक्याच नेटाने तपासा. महाराष्ट्रात शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थान आणि जात असते. तहसील कचेरीतली कोतवाल नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14, यात जन्म-मृत्यू मिळतात. मुंबईत 1919 मध्ये स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन, ज्ञातींच्या संस्था आणि त्यांच्या स्मरणिका पाहा. ख्रिस्ती गोवेकरांच्या धोबीतलावाकडच्या कूडी, म्हणजे गाववाल्यांच्या मुक्कामाच्या जागा, तर गावानुसारच होत्या, त्यामुळे कूड कळली की गाव कळलंच.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. यात्रेला गेलेला माणूस आपलं गाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं यांची नावं लिहून खाली सही करी. वह्या गाव आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात, म्हणून जुनं आणि नवं अशी दोन्ही आडनावं आणि गावं सांगा. नाव बदललेल्या पिढीने कधीकधी दोन्ही नावं एकत्र लिहिलेली आढळतात. मोडी येत नसेल तर पानाचा फोटो घेण्याची परवानगी मागा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. दक्षिणा मनापासून द्या. या वह्या त्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपल्या आहेत.

जुळलं असं कधी म्हणायचं

एक नमुना घेऊ. समजा वेंगुर्ल्यात एक बोरकर घर आहे. पणजोबा विठोबा तिथे आले, पूर्वी आडनाव कामत होतं असं आजी सांगते, कुलदैवत म्हाळसा. म्हाळसा मूळची वेर्ण्याची, बोरी जुवारी नदीच्या अलीकडे फोंडा तालुक्यात. म्हणजे वाट अशी असू शकते: वेर्णे, मग नदी ओलांडून बोरी, मग वेंगुर्ले. बोरी हा मुक्काम, आणि तिथे हे घर बोरकर असण्याचं कारणच नव्हतं, कारण बोरीत राहणाऱ्याला कुणी बोरकर म्हणत नाही. म्हणून बोरीच्या नोंदींत विठोबा कामोतीं शोधायचा, व्ही अक्षराखाली. समजा विठोबाच्या वडिलांची इन्व्हेंतार फाईल मिळाली आणि तिच्यात एक मुलगा ब्रिटिश मुलखात असल्याचं लिहिलं आहे. आता बायकोचं नाव, भावांची नावं, म्हाळसेच्या वहीतला दाखला, भाटाचं नाव यांपैकी किती गोष्टी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या माहितीशी जुळतात ते पाहा. दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे मिळालेल्या माहितीत बापाचं नाव, कुलदैवत आणि आणखी एखादी खूण जुळली तर मी तो दुवा मानीन. नुसतं नाव आणि आडनाव जुळलं तर मानणार नाही. विठोबा नावाचे कामत त्या पंचक्रोशीत एकाहून अधिक असणारच.

प्रत्येक दुव्यासमोर 'पक्का', 'संभाव्य' किंवा 'घरची आठवण' असं लिहा आणि पुढच्या पिढीला तो शेरा तसाच द्या. वंशावळीत प्रत्येक माणसाची त्या-त्या वेळी लिहिलेली सगळी नावं द्या. आजचं आडनाव मागच्या पिढ्यांना चिकटवू नका.

गावात जाताना

गोव्यात बनावट कागदांवर जमिनी लाटल्याची प्रकरणं झाली आहेत. जुन्या घराची, जुन्या भाटाची चौकशी करणारा अनोळखी माणूस दारात आला की लोक सावध होतात, आणि ते रास्त आहे. जमिनीवर हक्क सांगायचा नाही, वंशावळ पाहायची आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि खरोखर तसंच वागा. आधी देवस्थानाच्या कमिटीला किंवा गावातल्या भटजींना भेटा, त्यांच्या ओळखीने भाऊबंदांकडे जा. स्वतःची वंशावळ कागदावर घेऊन जा म्हणजे समोरच्यालाही तुमच्याकडून काही मिळेल. जत्रेच्या दिवसांत कुळावी सगळीकडून येतात. त्या दोन-तीन दिवसांत जितकी माणसं भेटतात तितकी एरवी महिनाभर फिरून भेटणार नाहीत. मात्र कमिटीचे लोक तेव्हा कामात बुडालेले असतात, म्हणून वह्या पाहायची वेळ जत्रेनंतरची मागून घ्या.

हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते कुठेही जाहीर करू नका. एखाद्या घराने जातीविषयी, कलावंत परंपरेविषयी किंवा धर्मांतराविषयी बोलायला नकार दिला तर पुन्हा विचारू नका. काम पुरं झालं की त्याची एक प्रत देवस्थानाला आणि एक गावात भेटलेल्या भाऊबंदांना द्या. तुमच्या घराण्याची तिसरी शाखा कारवारकडून किंवा कराचीवरून मुंबईत आलेल्यांतून कधीतरी तिथे चौकशीला येईल, तेव्हा तिच्या हाती द्यायला गावात काही असेल.